वीज माहेरी कशी जाते

फोन सकाळी आठच्या सुमारास आला. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मी तिसऱ्यांदा "कोण?" विचारणार तेवढ्यात आवाज आला, "बाई, मी तुळशीराम. मलकापूरहून... ती गेली." ती म्हणजे त्यांची बायको, पंचफुलावैनी. मी बुलढाण्याच्या माझ्या घरात फोनपाशी उभी होते. तुळशीरामभाऊ सांगत होते, "काल सकाळी भाकरी केल्या, अंगण झाडलं. दुपारी म्हने, जरा पडतो. चार वाजता चहाले हाक मारली तं... काही तकलीफ नाही झाली बाई. झोपीतच गेली." खरं सांगायचं तर हे ऐकून मला आधी हायसं वाटलं, रडू नंतर आलं. वैनींनी आपल्या सासूचं अंथरुणातलं आजारपण तीन वर्षं काढलं होतं, आणि तेव्हापासून त्यांचा देवाकडे एकच हट्ट होता: आपल्याला कोणाच्या हातचं पाणी मागायची पाळी येऊ नये. देवानं तेवढं ऐकलं. आता काही आठवडे उलटल्यावर लिहायला बसले आहे तर दुःखापेक्षा हे समाधानच जास्त दाटून येतं. आणि त्यासोबत तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची एक दुपार आठवते, जिच्यात आम्ही दोघी एका तान्ह्या पोरीला काखेत घेऊन भुसावळच्या रस्त्यानं अक्षरशः धावत सुटलो होतो.

महाराष्ट्र राज्य होऊन सहा-सात वर्षं झाली असतील. मी जानेफळची. बी.एस्सी. झाले आणि मलकापूरच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागले. गावात एकट्या मुलीला खोली द्यायला कोणी तयार होईना. कोणी लग्नाचं विचारी, कोणी भावाला घेऊन या म्हणे. रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर तुळशीरामभाऊंचं घर होतं. तिथं वैनी दारात आल्या, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "एकट्या राह्यता येते का?" मी म्हटलं, "येते." त्या म्हणाल्या, "मंग आना सामान." बस्स, एवढीच चौकशी. मी चोवीस वर्षांची, त्या तिशीच्या. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत, पण अक्षर माझ्यापेक्षा सुंदर. घरात नुकतीच वीज आली होती आणि वैनींना तिची विलक्षण भीती. बटणाला हात म्हणून लावायच्या नाहीत. लाटण्याच्या टोकानं ते दाबायच्या, आणि दिवा लागला की लाटणं असं मागं घ्यायच्या, जणू भिंतीवर विंचू बसला आहे.

तुळशीरामभाऊ वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हर होते, मालगाडीवर. ड्युटी भुसावळहून. तीन-तीन, चार-चार दिवस बाहेर. घरी आले की पांढरे फक्त डोळे दिसत. न्हाणीतून वाहणारं पाणी पहिल्या बादलीला काळं, दुसऱ्या बादलीला करडं, आणि तिसरीलाही पुरतं निवळत नसे. पाणी निवळायचं एकदाचं, खोकला मात्र निवळत नव्हता. मधल्या भिंतीपलीकडून मला तो ऐकू यायचा, कोरडा, खोल, थांबून थांबून येणारा. गावातल्या डॉक्टरांनी त्यांना स्पष्टच सांगितलं होतं की कोळसा सोडा, नाहीतर पाच वर्षांनी मी औषध देऊन उपयोग नाही. पण कोळसा सोडायचा म्हणजे इंजिन सोडायचं. दुसरं त्यांना काही येत नव्हतं, आणि येत असतं तरी रुचलं नसतं.

आणि नेमक्या त्याच सुमाराला इगतपुरीकडून भुसावळपर्यंत विजेचे खांब उभे राहत आले. आमच्या मलकापुरात तारा यायला अजून पुष्कळ वर्षं होती, पण भुसावळच्या पश्चिमेला विजेची इंजिनं धावायला लागणार होती, आणि त्यासाठी जुन्या ड्रायव्हरांतून काहींना शिकवून तयार करायचं होतं. तुळशीरामभाऊंचं नाव यादीत आलं. वैनींनी त्या दिवशी पुरण घातलं. पण लाटण्यानं बटण दाबणारी ती बाई मला म्हणाली, "बाई, तारेखाली गाडी चालवाची म्हंजे... जिवाले काही होनार तं नाही?" मी शास्त्राची पदवीधर. "काही होत नाही," असं ठासून सांगितलं. विजेचं इंजिन मी स्वतः तोवर पाहिलंही नव्हतं.

तुळशीरामभाऊ भुसावळच्या शिक्षणाला गेले आणि पाच आठवड्यांनी एका साध्या मंगळवारी, पेटी घेऊन, घरी परतले. "सुट्टी हाय," म्हणाले. बाजेवर पडून राहिले. जेवले नाहीत नीट. दुसऱ्या दिवशी सकाळी वैनी चूल पेटवत होत्या. काड्यांच्या ढिगातून कागद ओढला, पेटवला, दुसरा ओढला, आणि त्यावर छापलेली अक्षरं पाहून थबकल्या. ढिगाच्या तळाशी इंग्रजीतलं एक जाड पुस्तक दडवलेलं होतं. इंजिनाच्या शिक्षणाचं. शेवटची घडीची पानं, ज्यांच्यावर आकृत्या असतात, ती चुलीत गेली होती. वैनी ते पुस्तक पदराखाली घेऊन माझ्या खोलीत आल्या आणि दार लोटून घेतलं. "नापास झाले हे," त्या म्हणाल्या. "बोलत नाही, पन मले समजलं. शिकवनं सारं इंग्रजीत. यायले मोडी समजते, देवनागरी समजते, इंजिनाची शिट्टी समजते. हे नाही समजत." मी म्हटलं, "मी शिकवते भाऊंना." त्यांनी मान हलवली. "नाही. तुमी त्यायले नका शिकवू. वीस वरसं गाडी हाकलेला मानूस, पोरीसमोर पाटी घेऊन बसनार नाही. तुमी मले शिकवा."

परीक्षा पुन्हा द्यायला तीन आठवड्यांची मुदत होती. त्यातही नापास झालं तर परत वाफेवर, म्हणजे परत कोळशावर. रोज शाळा सुटली की आम्ही दोघी माझ्या खोलीत बसायचो, आणि वैनींची दहा महिन्यांची लेक आमच्यामध्ये रांगायची. मी पुस्तक वाचून मराठीत सांगायची. वर तार असते, तिच्यात पंचवीस हजार व्होल्टची वीज. इंजिनाच्या टपावरचा पेंटो, म्हणजे घडी होणारा लोखंडी सांगाडा, उभा राहून त्या तारेला खालून टेकतो आणि वीज घेतो. मग एक मोठा स्विच, ज्याला ड्रायव्हर लोक डीजे म्हणतात. काही बिघडलं की तो आपोआप पडतो आणि गाडी बंद. मग ट्रान्सफॉर्मर विजेचा दाब उतरवतो, कारण एवढा दाब मोटारींना सोसत नाही. मग रेक्टिफायर, कारण तारेतली वीज सारखी पुढं-मागं होत असते आणि मोटारींना एकाच दिशेनं जाणारी हवी असते. शेवटी चार मोटारी, चाकांच्या आसांना जोडलेल्या. त्या फिरल्या की गाडी चालली.

वैनींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दिव्याले दोन तारा हायेत घरात. तुमीच तं सांगितलं होतं, एकीतून येते, दुसरीतून जाते. मंग गाडीवर एकच तार काऊन? आलेली वीज जाते कुठं?"

चार वर्षं कॉलेजात घालवून हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पुस्तक उलटंपालटं केलं तेव्हा एका कोपऱ्यात सापडलं: चाकांतून रुळांत, आणि रुळांतून परत उपकेंद्राकडे. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून एक सेल, छोटा दिवा आणि वायर आणली. सेलच्या एका टोकापासून दिव्यापर्यंत वायर, आणि दुसऱ्या बाजूला वायरीऐवजी वैनींचं लोखंडी घमेलं. घमेल्याच्या एका काठाला सेल टेकवला, दुसऱ्या काठाला दिव्याचं बूड टेकवलं, आणि दिवा लागला. वैनी हरखल्या. "म्हंजे घमेलं झालं रूळ!" मग स्वतःच्या हातानं त्यांनी तो दिवा उचलला, टेकवला, उचलला, टेकवला... पंधरा-वीस वेळा. भीती अशी जाते, हे मला त्या दिवशी समजलं. शहाणपणाच्या गोष्टी सांगून जात नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "तारेतून सासरी आली, रुळातून माहेरी गेली."

आणि तिथून त्यांना ओवी सुचली. पहाटे जात्यावर बसल्या की रोज त्यात एक-दोन ओळींची भर पडायची. पहिल्या मला अजून पाठ आहेत:

वरतून आली लेक, पेंटोनं धरला हात,
डीजेनं दार उघडलं, मंग आली घरात.
सासरा ट्रान्सफॉर्मर, तिचा उतरवला तोरा,
दीर रेक्टिफायर म्हने, सरळ चाल जरा.
चार नणंदा मोटारी, गाडा ओढाले लावती,
चाकाखालच्या रुळानं माहेरले धाडती.

पुढं बिघाडांच्या ओव्या झाल्या. डीजे पडला तर आधी काय पाहायचं, मग काय, मग काय. पुस्तकात त्याची पानंच्या पानं होती आणि तुळशीरामभाऊ नेमके तिथंच अडले होते. जात्याच्या भिंतीपलीकडं ते डोक्यावर पांघरूण घेऊन पडलेले असत. वैनी मुद्दाम मोठ्यानं म्हणायच्या, दोनदा, तीनदा. दोन दिवस पलीकडून काही हूं नाही की चूं नाही. तिसऱ्या पहाटे त्यांनी एक पायरी चुकवली, आणि पांघरुणातून आवाज आला, "अवो, दार उघडाच्या आधी हात धरते ना! आधी पेंटो, मंग डीजे! उलटं काऊन म्हनून राह्यली?" जातं थांबलं. वैनींनी माझ्या खिडकीकडं पाहिलं. मी आत तोंडावर हात दाबून हसत होते. त्यांनी पुन्हा जातं धरलं आणि नीट ओवी म्हटली. त्या पहाटेपासून दोघं नवरा-बायको मिळून ओव्या रचायला लागले. ती पायरी वैनींनी खरंच चुकवली होती की मुद्दाम, हे मी त्यांना पुढं पुष्कळदा विचारलं. त्या नुसत्या हसायच्या.

परीक्षा एका शनिवारी होती. तुळशीरामभाऊ दोन दिवस आधीच भुसावळला गेले. शनिवारी माझी सकाळची शाळा होती आणि नववीच्या वर्गावर मी ट्रान्सफॉर्मरचा धडा घेत होते. फळ्यावर दोन गुंडाळ्या काढल्या. एका गुंडाळीला बाहेरून वीज येते, दुसरीतून आपल्याला मिळते. आणि माझा खडू थांबला. दोन गुंडाळ्यांच्या मध्ये मी एकही रेघ काढली नव्हती, कारण तिथं रेघ नसतेच. त्या एकमेकींना शिवत नाहीत. म्हणजे वरच्या तारेतली वीज मोटारींपर्यंत जातच नव्हती! ती पहिल्या गुंडाळीतून फिरून तिथूनच चाकांतून रुळांत जात होती. मोटारींची वीज वेगळी, दुसऱ्या गुंडाळीतली, ती इंजिनातल्या इंजिनातच फिरत होती. आकृतीचं पान चुलीत गेलं होतं, आणि मी मधला धागा अंदाजानं जोडून दिला होता. मी एका माणसाला, ज्याच्या फुप्फुसाचा प्रश्न होता, चुकीचं शिकवलं होतं... वर्गात पोरं माझ्याकडं पाहत होती. मी खडू ठेवला आणि वर्गाबाहेर पडले.

मुख्याध्यापकांना काय सांगितलं ते आठवत नाही. घरी पळत आले. वैनी गहू निवडत होत्या. मी सांगितलं, आणि सांगता सांगता रडायला लागले. त्यांनी सूप खाली ठेवलं. "परीक्षा किती वाजता हाय?" "दोन वाजता." "पॅसिंजर साडेअकराची हाय. उठा." लेकीला काखेत मारलं, दाराला कडी घातली, आणि आम्ही स्टेशनात. गाडी अर्धा तास उशिरा आली. त्या प्रवासात वैनी मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, आणि तेच मला सोसवत नव्हतं. बोदवडच्या पुढं मी म्हटलं, "वैनी, माझं चुकलं." त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "पान मी जाळलं. तुमी कशाले रडता?"

भुसावळला उतरलो तेव्हा दोन वाजायला आले होते. टांगा मिळेना. वैनी पुढं, मी मागं, पोर कधी त्यांच्या काखेत, कधी माझ्या. रस्ता विचारत विचारत त्या शिक्षणाच्या इमारतीपाशी पोचलो तर फाटकावरच्या माणसानं सांगितलं, परीक्षा सुरू झाली, आता आत कोणाला सोडता येत नाही. आम्ही समोरच्या लिंबाखाली बसलो. ती सावली आणि तो एक तास माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब तास. पोर झोपली. वैनी ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होत्या. ओवी होती की देवाचं नाव, कोण जाणे.

तीन वाजून गेल्यावर तुळशीरामभाऊ बाहेर आले. आम्हाला पाहून आधी घाबरलेच. "काय झालं? घरी काय झालं?" वैनी झोपलेल्या पोरीला सावरत उठल्या. मीच म्हटलं, "भाऊ, ते माहेरचं चुकलं. वरची वीज मोटारीत जात नाही. ट्रान्सफॉर्मरमधूनच..."

"...परत जाते," ते म्हणाले. "मालूम हाय. परवाच समजलं मले. इथं शेडमधी इंजिन उभं होतं, मी खाली वाकून एकेक तार हातानं चाचपून पाह्यली. सायबानं आज तेच विचारलं. मी सांगितलं. पास हाय मी."

वैनी एकदम खाली बसल्या, धुळीतच. पदर तोंडाला लावला आणि खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात. पण त्या हसत होत्या, रडत होत्या, दोन्ही. मग डोळे पुसून नवऱ्याला म्हणाल्या, "परवाच समजलं होतं तं एक कार्ड टाकाचं होतं ना! आमी दोघी जीव टाकत आलो." तुळशीरामभाऊ पायातल्या वहाणेकडं पाहत म्हणाले, "काय लिहू? तुही ओवी चुकली म्हनून? तिच्यावरच तं सारं पाठ झालं... मले नाही लिहवलं." वीस वर्षं वाफेची इंजिनं हाकलेला तो माणूस हे म्हणताना लाजला होता. मी कशीबशी जाऊन फाटकाजवळच्या नळाचं पाणी प्यायले.

परतीच्या गाडीत वैनी मोकळ्या झाल्या. म्हणाल्या, "बाई, आता नीट सांगा. दोन गुंडाळ्या शिवत नाही, मंग दुसरीले काम करावंसं वाटतेच कसं?" मी चुंबकाचं वगैरे सांगायला लागले. त्यांनी हात करून थांबवलं. "समजलं. ती पहिली गुंडाळी सासू हाय. ओसरीवर बसते, कोनाले हात लावत नाही, पन घरातली सून आपसूक कामाले लागते." डब्यातल्या दोन अनोळखी बायकाही खो खो हसल्या. मी पुढं तीस वर्षं मुलांना ट्रान्सफॉर्मर शिकवला, याहून चांगला कधी शिकवता आला नाही.

तुळशीरामभाऊ विजेच्या इंजिनावरून पहिल्यांदा घरी आले तो दिवस सांगायलाच हवा. दुपारची वेळ होती. सदऱ्याला डाग नाही, कपाळाला काजळी नाही. वैनींनी न्हाणीत पाणी काढून ठेवलं होतं, तीन बादल्या, नेहमीप्रमाणे. त्यांनी नवऱ्याकडं संशयानं पाहिलं. "ड्युटीवर गेलते का नाही?" "गेलतो." "मंग असे कसे आले, लग्नाले गेल्यासारखे?" ते आंघोळ करून आले, आणि वैनी मला हाताला धरून न्हाणीमागच्या पाटाकडं घेऊन गेल्या. पाणी वाहत होतं, स्वच्छ. आळूच्या पानांखालून पार कुंपणापर्यंत. आम्ही दोघी ते पाहत उभ्या राहिलो. खोकला लगेच गेला नाही. दोन हिवाळे लागले. तिसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी माझ्या लक्षात आलं की कित्येक दिवसांत भिंतीपलीकडून आपण तो ऐकलेलाच नाही.

पुढं माझी बदली झाली, लग्न झालं, संसार झाला. मलकापूर सुटलं तरी ते घर सुटलं नाही. वर्षातून एकदा तरी जाणं व्हायचं. तुळशीरामभाऊ निवृत्त झाले त्याच्या आगेमागेच आमच्याकडच्या रुळांवरही तारा आल्या. वैनी माझ्यापुढं खांब मोजायच्या आणि तारेवर बसलेल्या पाखरांबद्दल शेजारच्या सुनांना समजावून सांगायच्या की त्यांचा पाय जमिनीला लागत नाही म्हणून ती जगतात. कोणाला पटायचं, कोणाला नाही. कोणाला शिकवायचं आणि कोणाला नुसतं ऐकू जाईल असं बोलायचं, हे त्यांना नेमकं कळायचं. मी नोकरीभर तेच शिकत राहिले.

वैनी गेल्यावर मी तेरवीला जाऊ शकले नाही. गेल्या आठवड्यात गेले. वाटेत एकच काळजी होती, की त्या घरात हा माणूस एकटा कसा राहणार. लेक अकोल्याला आहे, ती न्यायला तयार आहे. अंगणात दोन खुर्च्या टाकल्या होत्या. तुळशीरामभाऊंनी स्वतः चहा केला.

वैनींची एक सवय सांगायची राहिली. गाडी जात असताना त्या बोलत नसत. तोंडातला शब्द अर्धा असला तरी तिथंच थांबायच्या, आणि शेवटचा डबा गेल्यावर त्याच शब्दापासून पुढं. नव्या माणसाला वाटायचं, राग आला की काय. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "गाडीवर कोनाचा तरी मानूस असते, बाई. त्याच्यावर ओरडून बोलू नाही." त्या घरातल्या सगळ्यांनाच मग ती सवय लागली.

तुळशीरामभाऊ म्हणत होते, "पोरगी म्हनते, अकोल्याले चाला. तिचं खोटं नाही. पन मी..."

आणि मालगाडी आली. मोठी होती. ते थांबले. मीही कप हातात धरून थांबले. विजेचं इंजिन पुढं निघून गेलं, मग डबे, आणखी डबे, कोळशाचे, सिमेंटचे, पुन्हा कोळशाचे. आम्ही दोघं एकमेकांकडं न पाहता कुंपणाकडं पाहत बसलो. गार्डाचा डबा गेला. रूळ थोडा वेळ वाजत राहिले आणि मग तेही गप्प झाले.

"...मी इथंच बरा हाय," ते म्हणाले. "घ्या ना बाई, चहा थंडा होऊन राह्यला."

चहावर साय धरली होती. मी ती बोटानं बाजूला केली आणि प्यायला लागले.